तांड्यावरच्या खोलीची किल्ली

शीला त्या गोळ्या जेवणाच्या पिशवीत ठेवत असे. तळाशी गोळ्यांचे पुडे, त्यावर पोळीभाजीचा डबा, वर पाण्याची बाटली. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचो, म्हणजे पिशवीकडे नजर जायला नको. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा कागद तिच्याजवळ असे. तरी मला धाक वाटायचा. ते दोन हजार सहा साल होतं. आमच्या जिल्ह्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावातून फवारणीचा डबा कोणी तोंडाला लावल्याची बातमी येत होती. आणि माझी मुलगी, चुकून जास्त गेल्या तर माणूस झोपेतच जाईल अशा गोळ्या घेऊन गावोगाव हिंडत होती.

ती दुखणं थांबवायला हिंडत होती, हे मला कळत होतं. कळून धाक जात नाही.

मी देवराव मुनेश्वर. यवतमाळच्या एसटी आगारात हेल्पर होतो. टायर खोलणं, बसवणं हे माझं काम. लिहिण्याची सवय नाही. शीला आता नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि तिच्या विद्यार्थिनींनी कॉलेजच्या अंकासाठी माझ्यामागे धोशा लावला, “आबाजी, मॅडमबद्दल तुम्हीच लिहा.” तिच्या पदव्या आणि तिचे इंग्रजीतले लेख मला समजत नाहीत. डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो. काही चुकलं तर ती दुरुस्त करीलच.

तिची आई इंदूबाई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. तेव्हा शीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दवाखान्यातून सांगितलं, आता घरीच न्या. घरी आणलं. पाटीपुऱ्यातल्या आमच्या घराची भिंत शेजाऱ्यांची पण भिंत आहे. इंदूचं ओरडणं सुरू झालं की शेजारी रेडिओ मोठा करायचे. वाईट माणसं नव्हती. त्यांच्या घरात लहान लेकरं होती. शीला आईचे पाय दाबत बसायची आणि पलीकडून शेतीच्या बातम्या ऐकू यायच्या. “घरीच न्या म्हणजे काय औषधाची चिठ्ठी झाली का बाबा?” असं ती एकदा म्हणाली. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

शिक्षण झाल्यावर ती नागपूरला कॅन्सरच्या वॉर्डात बरीच वर्षं होती. नोकरी करता करता पुढचं शिकली. मग परत यवतमाळला आली आणि एक काम हाती घेतलं. ज्यांना ‘घरीच न्या’ म्हणून सांगितलेलं असतं, ती माणसं घरी कशी जगतात, हे विचारत फिरायचं. नागपूरचे एक डॉक्टर तिच्या पाठीशी होते. मॉर्फिनच्या गोळ्या त्यांच्याच दवाखान्याच्या परवान्यावर मिळायच्या. ते लिहून देत, शीला घरोघरी पोचवत असे. आणि सोबत तिचे प्रश्न.

“क्वालिटी ऑफ लाइफ म्हणतेत याले,” तिने मला सांगितलं.

“म्हंजे कापसासारकी माणसाच्या जगण्याची बी प्रत लावता का वं तुमी?”

“आम्ही नाही लावत बाबा. ज्याचं त्यानंच सांगायचं. मी लिहून घेते.”

प्रश्न मराठीत आणून तिने आधी माझ्यावरच चालवून पाहिले. झोप लागते का. घरच्यांशी बोलावंसं वाटतं का. पोट रोज साफ होतं का.

“बापाले कोणी असं इचारते का?” मी म्हणालो.

“मी इचारते. सांगा.”

मी सांगितलं. पुढचा प्रश्न होता, भीती वाटते का? अजिबात नाही, थोडी, पुष्कळ, फार. मी उठून नळाला पाणी आलं का ते बघायला गेलो. परत आलो तोवर तिने कागद आवरले होते.

पोट साफ होण्याचा प्रश्न फार चेष्टेचा झाला. दवाखान्याच्या बैठकीत एक मोठे डॉक्टर म्हणाले होते म्हणे, की सिस्टर, मरणाऱ्या माणसाला हे काय विचारता? शीलाने तो काढला नाही.

मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो. ती एकटी फिरते हे मला बघवेना, म्हणून सोबत जायला लागलो. यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंत एसटी. तिथल्या आगारात माझ्या ओळखीवर तिची स्कूटी ठेवलेली असे. तिथून पुढे ती चालवायची, मी मागे बसायचो. घरात ती जायची, मी बाहेर पुरुषमाणसांत बसायचो. मला बोलता येत नाही फारसं, पण ऐकता येतं.

केळापूरच्या पुढे, हमरस्ता ओलांडून आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथे हिरासिंग राठोडचं घर होतं. बैलांची पारख असलेला माणूस. बाजारात त्याने दात बघितल्याशिवाय लोक बैल घेत नसत. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तोंडाचा कॅन्सर झाला. नागपूरला अर्धा जबडा काढला, तरी रोग परत आला. गालाला भोक पडलं होतं, त्यावर फडकं बांधलेलं असे. बायको जमनाबाई, मुलगा रूपसिंग, एक लेकुरवाळी सून. घरात दुखण्याचा वास होता आणि एक आवाज होता, विहिरीवरच्या जुन्या रहाटासारखा. तो हिरासिंगच्या कण्हण्याचा आवाज होता.

पहिल्या दिवशी मी दाराशीच होतो. शीला जमनाबाईला समजावत होती.

“एका वक्ताले एकच गोळी. चमच्यात कुटायची, पाण्यात पाजायची. अन माय, कुलपात ठेवजा. लेकराच्या, कोणाच्याच हाती लागू देऊ नका. जास्त गेल्या तं माणूस झोपेतच जाते.”

“झोपेतच?” जमनाबाईने विचारलं.

“हो.”

जमनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग पुडा दोन्ही हातांनी घेतला, जसा कोणी निखारा घ्यावा. शीलाने पोट साफ होण्याच्या गोळ्यांचा दुसरा पुडा दोऱ्याने बांधून कोनाड्यात ठेवला आणि त्याही रोज द्यायला सांगितलं.

मी बाहेर बाजेवर बसलो होतो तेव्हा तांड्यावरच्या माणसांनी मला एक गोष्ट दाखवली. सेवालाल महाराजांच्या देवळामागे एक लहान खोली होती, दाराला मोठं कुलूप. वर्षभरापूर्वी हंसाबाईचा मुलगा शंकरसिंग फवारणीचं प्यायला आणि गेला. तेरवी झाल्यावर तांड्यावरच्या बायकांनी ठरवलं, आता एकाही घरात फवारणीचा डबा राहणार नाही. सगळे डबे त्या खोलीत. किल्ली हंसाबाईच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. फवारायचं असेल त्याने सकाळी दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन यायचं. ती मापून देणार, उरलेलं संध्याकाळी परत घेणार.

“आधी आमाले राग आलता काकाजी,” एक जण म्हणाला. “आमचेच डबे अन आमालेच हिशोब. पण तवापासून तांड्यावर एक बी गेला नाई.”

परत येताना मी हे शीलाला सांगितलं. तिने स्कूटी थांबवून ते लिहून घेतलं. तिला फार आवडलं. पुढचं मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला गेलो तर हिरासिंगचं दुखणं तसंच होतं. “गोळ्या चालू हायेत न?” शीलाने विचारलं. “चालू हायेत बाई,” जमनाबाई म्हणाली. “कुठं ठेवल्या?” “एकदम बंदोबस्तात.” शीलाने पांढरकवड्याला येऊन एसटीडी बूथवरून नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुखणं वाढलंय, तिप्पट जोराच्या देऊ.

त्या तिप्पट जोराच्या गोळ्या घेऊन आम्ही तिसऱ्यांदा गेलो. जानेवारीचे दिवस होते. तांड्यावरच्या बहुतेक बाया कापसाच्या वेचणीला गेलेल्या. हिरासिंग बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. शीलाने सगळे प्रश्न विचारले. तो मानेने, हाताने सांगत होता. जमनाबाईने सकाळची गोळी दिल्याचं सांगितलं. शीला म्हणाली, “मंग आता दोन वाजता ही नवीन द्या. जुनी नको. वक्त चुकवू नका, पाहा यांचे हाल.” रूपसिंग दारात उभा होता. तो म्हणाला, “नाई चुकत. मी स्वतः पाजतो.”

तिथून आम्ही निघालो. पांढरकवड्यात अजून एक पेशंट होता. हमरस्ता ओलांडून केळापूरच्या फाट्यावर चहासाठी थांबलो. ही शीलाची सवय. फाट्यावर बसून ती कागद नीट करायची.

चहा आला. तिने घेतला नाही. लिहिता लिहिता ती थांबली होती.

“बाबा, त्या पुड्याची गाठ तशीच होती.”

“कोन्त्या पुड्याची?”

“कोनाड्यातल्या. पोटाच्या गोळ्यांच्या. मी बांधली तशीच गाठ.”

“राह्यल्या असतीन द्याच्या.”

“अन तरी पोट रोज साफ हाय म्हणते थो. काही त्रास नाई.”

“मंग चांगलंच हाय न.”

“चांगलं कसं? ह्या गोळ्यांनं पोट धरतेच बाबा, साफ होत नाई. कोणाचंबी धरते.” तिचा आवाज बारीक झाला होता. “डोळ्याच्या बाहुल्याबी मोठ्या होत्या त्याच्या. गोळीनं त्या बारीक होतेत. मी पाह्यल्या अन काही ध्यानातच नाई घेतलं. त्यानं एकबी गोळी घेतली नाई. पयल्या दिवसापासून.”

मला वाटलं, घेतली नाही तर नाही, आता घेईल.

तिने मग मला समजावलं, आणि समजावताना ती उठून स्कूटीकडे चाललीच होती. थोडी थोडी घेत गेलं तर शरीराला सवय होते. हाडांचा सापळा झालेल्या माणसाला, ज्याने कधी घेतलीच नाही त्याला, एकदम तिप्पट जोराची गोळी गेली तर त्याचा श्वास मंद होत होत थांबू शकतो. कोणाला कळणारही नाही. त्यांना वाटेल, बरं झालं, झोप लागली.

“दोनले द्या म्हणून मीच सांगून आली,” ती म्हणाली. दोन व्हायला फार वेळ नव्हता. तांड्यावर फोन नव्हता. आणि तिच्या मोबाइलला फाट्यावरसुद्धा रेंज नव्हती.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात हमरस्त्यावर कापसाच्या भावासाठी रास्ता रोको सुरू झाला होता. बैलगाड्या आडव्या लावलेल्या, बाभळीच्या फांद्या टाकलेल्या, एक टायर धुमसत होता. नागपूर-हैदराबादच्या ट्रकांची रांग लांबवर लागली होती. माणसं चिडलेली. खरेदी केंद्रावर आठवडा आठवडा गाड्या उभ्या ठेवून आलेली माणसं ती. आम्हाला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

“कुठं चालली गाडी?” डोक्याला दुपट्टा बांधलेला एक जण आडवा आला. “आज परिंदा बी नाई जात इथून.”

“पेशंट हाय दादा. तांड्यावर.”

“आमी रोज मरून राह्यलो तवा कुठं असते नर्सबाई?” तो म्हणाला. मागचे हसले. कोणी म्हणालं, “इंजेक्शन भावालेच दे न एखादं, वर चढन तरी!” पुन्हा हसले.

मी मागून शीलाचा खांदा धरला होता. मला वाटलं ती आता विनवण्या करील. ती त्या माणसाकडे बघून हळू म्हणाली, “आत्ता पोचली नाई तं अजून एक जाते. अन थो माह्या हातानं जाते.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. “कोन हाय?”

“हिरासिंग राठोड.”

“थो बैलं पाहाणारा? जबडा काढला थो?”

“हो.”

“माह्यी जोडी त्यानंच पाहून देल्ली होती.” तो मागे वळून ओरडला, “उचला रे गाडी!” चौघांनी स्कूटी उचलून बैलगाडीच्या दांड्यांवरून पलीकडे ठेवली. मी वाकून खालून निघालो. कोणीतरी म्हणालं, “काकाजी, पायजमा सांभाळा, टायर जळून राह्यलं.”

पुढचा रस्ता कच्चा. शीला एरवी जपून चालवते. त्या दिवशी खड्डे तिने पाहिलेच नाहीत. मागे बसून माझ्या मनात काय काय येत होतं. हिरासिंग मेला असेल. लोक म्हणतील नर्सने गोळ्या दिल्या आणि माणूस मेला. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात असल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नव्हता. पोलीस येतील. नागपूरच्या डॉक्टरांचा परवाना जाईल. मग गोळ्या बंद. ज्या ज्या घरात शीला जात होती त्या प्रत्येक घरात पुन्हा तो रेडिओ मोठा होईल. आणि शीला? ती पुन्हा कोणाच्या घरात पाय ठेवू शकणार नाही. इंदू गेल्यापासून तिने जे काही केलं, ते सगळं त्या एका चमच्यात होतं.

तांडा जवळ आला तसं हिरासिंगचं ओरडणं ऐकू आलं. ते ऐकून मला हायसं वाटलं. माणूस इतका ओरडतोय आणि मला हायसं वाटतंय. पण ओरडतोय म्हणजे श्वास आहे.

देवळामागून भांडणाचा आवाज येत होता, म्हणून घराकडे न जाता शीलाने स्कूटी तिकडे वळवली. तिथे माणसं जमली होती. त्या खोलीच्या दाराला पाठ लावून हंसाबाई उभी होती, शेतातून तशीच आलेली. कमरेला वेचणीचं फडकं होतं आणि त्यातला कापूस पायाशी सांडलेला. समोर रूपसिंग हातात दगड घेऊन उभा.

“मावशी, बाजूले हो. बाप मरून राह्यला माहा.”

“तू या डोळ्यानं आलास म्हणूनच नाई उघडत,” हंसाबाई म्हणाली. “शंकर बी असाच दात-ओठ खात आलता. फवाराले जातो म्हणे. मी देल्ला होता डबा त्याच्या हातात. मी!”

“हे फवारणीचं नोहे मावशी. गोळ्या हायेत दवाखान्याच्या.”

“माणूस मारते न थे? तुह्या मायनंच सांगतलं, झोपेत मारते. मंग दुसरा माणूस आण, कोनाले किती थे सांग, मंग उघडतो.”

रूपसिंगने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि दगड घातला. दोन घावांत कोयंडा निघाला. तो आत शिरला. डबे खाली पडल्याचे आवाज आले. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन पुडे होते, जुना आणि नवा. जुन्याचं कागदी आवरणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

“रूपसिंग, थे मले दे,” शीला म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. त्याला ती परत कशी आली हेच कळेना. “आता तू बी अडवतं? तूच त म्हणाली दोनले द्या म्हणून!”

“म्हणाली. चुकली मी. पयल्या गोळ्या तुम्ही देल्ल्याच नाई न?”

जमनाबाई घराकडून पळत आली होती, पदर गळालेला. ती म्हणाली, “नाई देल्ल्या बाई.”

“काहून माय?”

“यानं मले हात जोडले होते. सारा पुडा एकदाच पाज म्हणे. सोडव मले. मंग मी घरात कशी ठेवू? रूपसिंग घरी नसते, सून पाणी आणाले जाते. मी डोळा लावला अन यानं घेतल्या तं?” तिला दम लागला होता. “म्हणून हंसाकडे देल्ल्या. आजचा पुडा बी लगेच तिले वावरातून बोलावून कुलपात टाकला. तुले सांगतलं असतं तं तू येणं बंद केलं असतं.”

मी शीलाच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर रडेल. तिने जमनाबाईच्या खांद्यावर पदर नीट केला. मग रूपसिंगपुढे हात केला. त्याने बराच वेळ दिलं नाही. शेवटी दोन्ही पुडे तिच्या हातात आपटले आणि म्हणाला, “काही झालं तं मी तुले सोडनार नाई बाई.”

“नको सोडू. आता चल, चमचा दे.”

नवीन पुडा तिने डब्याखाली पिशवीत टाकला. जुन्यातली एक गोळी काढली, तिचीही अर्धीच कुटली. हिरासिंगचं तोंड धड उघडत नव्हतं. फडक्याच्या बाजूने तिने हळूहळू पाजली. मग बाजेशी मांडी घालून बसली.

आम्ही सगळे बाहेर. हंसाबाई माझ्या शेजारी ओट्यावर बसली. कोयंड्यासकट निघालेलं कुलूप तिच्या मांडीवर होतं. आत ओरडण्याचं कण्हणं झालं, कण्हण्याचं नुसतं हुं हुं झालं, आणि मग तेही थांबलं.

तो आवाज महिनाभर त्या तांड्याने ऐकला होता. तो थांबल्यावर घराघरातून माणसं बाहेर आली. जमनाबाई एकदम उठली आणि आत धावली. “गेला व माय! गेला!” तिने ऊर बडवायला हात उचलले. शीलाने तिचा हात धरला आणि हिरासिंगच्या छातीवर ठेवला.

“तुम्हीच पाहा. वर येते. खाली जाते. दिसलं?”

जमनाबाई तशीच हात ठेवून बसली. दारातून मला हिरासिंगची छाती दिसत होती. हाडं आणि कातडं. वर आली की मी श्वास घ्यायचो, खाली गेली की सोडायचो. मध्येच ती फार वेळ वर येत नसे, मग माझाही श्वास अडायचा. हंसाबाई मला विचारत राहिली, “चालू हाय का काकाजी?” मी मान हलवायचो. रूपसिंग गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, वर बघायची त्याची हिंमत नव्हती.

उन्हं कलली. बाया वेचणीहून परत आल्या आणि डोक्यावरची गाठोडी घेऊनच दाराशी उभ्या राहिल्या. कोणाच्या घरी चूल पेटली नाही.

मग हिरासिंगने डोळे उघडले. अर्ध्या जबड्यातून तो काहीतरी बोलला. त्याचं बोलणं फक्त जमनाबाईला कळायचं.

“काय म्हणते?” शीलाने विचारलं.

जमनाबाई हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. “बैलं पाण्यावर नेले का म्हणते.”

रूपसिंग ताडकन उठला. त्या दिवशी बैलांना कोणी पाणीच दाखवलं नव्हतं.

आम्ही तांड्यावरच राहिलो. सकाळी हंसाबाई आली. खोलीला नवा कोयंडा बसला होता, किल्ली गळ्यात होती. ती शीलाला म्हणाली, “गोळ्या जमनाच्या घरी नको. माह्याजवळच राहू दे. वक्त झाला का मी घेऊन येतो, माह्या समोर पाजाची. पण किती वक्ताची किती, थे मले सांग. मले कोणी सांगतलंच नोहतं.”

शीलाने तिला सगळं सांगितलं. पोटाच्या गोळ्यांचंसुद्धा. हंसाबाई तोंडावर पदर घेऊन हसली. “थे बी इचारू का याले रोज?”

“रोज विचारायचं मावशी.”

त्या तांड्यावरून शीलाच्या कामाला वळण लागलं, असं आता लोक म्हणतात. तिचा पहिला प्रश्न बदलला. “गोळ्या घेता का?” हे विचारणं तिने सोडलं. “गोळ्या कोणाजवळ आहेत, मला त्यांच्याकडे घेऊन चला,” असं ती म्हणायला लागली. प्रत्येक गावात घराबाहेरचा एक किल्लीवाला माणूस शोधायचा. कुठे अंगणवाडीची बाई, कुठे किराणावाला, झरी जामणीकडे एका गावात कोलाम आदिवासींचा म्हातारा पोलीस पाटील. पुढे तिने पीएचडी केली ती यावरच. नागपूरला एका सभेत तिने हिरासिंगची गोष्ट, स्वतःची चूक धरून, सगळ्यांसमोर सांगितली. मी मागच्या खुर्चीवर होतो. आता हिची नोकरी जाते, असं वाटून मी चपला शोधायला लागलो होतो. नोकरी गेली नाही. पण मध्ये सहा-सात महिने वरून गोळ्या बंद झाल्या, चौकशी लागली. त्या दिवसांत ती घरात फार बोलत नसे. तेव्हा काही माणसं गेली. ती कशी गेली हे शीलाला ठाऊक आहे. ती सांगत नाही, मी विचारत नाही.

हिरासिंग त्याच वर्षी होळीच्या आधी गेला. तोवर तो बाज दारात टाकून बसायचा. रस्त्याने जाणाऱ्या बैलांची चाल बघायचा आणि हाताने खूण करून सांगायचा, डावा लंगडतोय, हा फसवून विकला तुला. लोक त्याच्या समोरून बैल नेताना घाबरायचे, असं रूपसिंग सांगे.

तो गेल्याचं आम्हाला हंसाबाईकडून कळलं. दुपारी दाराची कडी वाजली. उघडलं तर समोर ती, एकटी. तांड्यावरून एवढ्या लांब ती कधी आली नव्हती. मला वाटलं, खोली कोणी फोडली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाई झालं काकाजी. हिरासिंग गेला. झोपेत नाई, जागा होता. जमनासंगं बोलता बोलता.” ती आत आली आणि शीलापुढे बसून पदराची गाठ सोडली. उरलेल्या गोळ्या होत्या, पोटाच्यासुद्धा. “घे बाई. हे तुहं.”

“मावशी, मी परवा येणारच होती न.”

“परवा लांब हाय माय. मधात दोन राती येतेत.” तिने रिकामा पदर झटकला. “फवारणीचे डबे वावरात कामी पडतेत. याचं आता तिथं काही काम नाई. मंग कायले ठेवाचं?”

“बसमध्ये भीती नाही वाटली, एवढं घेऊन?”

“वाटली न! पांढरकवड्यापासून पदर छातीशी धरून होती. बाजूचा माणूस म्हणे, बुढे, सोनं हाय का त्यात?”

चहा पिऊन ती लगेच उठली. खोलीची किल्ली तिच्याजवळ आणि सकाळी कोणाला काही लागलं तर? मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो. कंडक्टर ओळखीचा निघाला, खिडकीची जागा मिळाली. बसल्यावर ती म्हणाली, “तुमी पोरीसंगं सगळीकडे फिरता न काकाजी?”

“फिरतो.”

“कायले? त्या दिवशी बी नुसते बसून होते.”

“मले भेव वाटते म्हणून,” मी म्हणालो.

“वाटाच पाह्यजे,” ती म्हणाली. गळ्यातला दोरा चाचपून तिने किल्ली लुगड्याच्या आत सारली आणि खिडकीकडे सरकली.

दुसऱ्या दिवशी झरीकडे जायचं होतं. एसटीत शीला नेहमीसारखी बसली, पिशवी मांडीवर. मी म्हणालो, “दे, मी धरतो.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि दिली. डबा अजून गरम होता. पांढरकवडा येईपर्यंत मी पिशवीचा बंद हातातून सोडला नाही.